तीन बोटं उणा डबा

मिक्स्चरचा डबा तांबरमहून निघाला तेव्हा काठोकाठ भरलेला होता. पेरुंगुडीला आमच्या ओट्यावर उघडला तेव्हा तो तीन बोटं रिकामा होता. मधला पाऊण तास तो माझ्या स्कूटरवर, माझ्या दोन पायांच्या मध्ये होता. आता एवढं ऐकून कुणालाही काय वाटेल ते मला माहीत आहे, कारण माझ्या बायकोलाही तेच वाटलं.

तिनं डब्यात बोटं आडवी घातली, एक, दोन, तीन. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. मग मिशीकडे. मिशीत शेवेचा कण सापडला नाही याचं तिला जास्तच वाईट वाटलं, कारण मी तोंड पुसून वर आलो, असा तिनं त्याचा अर्थ लावला.

"मी एक दाणासुद्धा खाल्ला नाही," मी म्हणालो.

"पोय सोल्लादींगा," ती म्हणाली. म्हणजे खोटं बोलू नका. रागावली की माझी बायको मराठी सोडते. तिचं माहेर तंजावरकडच्या मराठी घरांपैकी, त्यामुळे लाडात आली की जुनी मराठी, एरवी माझ्यासारखी मराठी आणि भांडायला तमिळ, अशी तिची वाटणी आहे. मी साताऱ्याकडचा, नोकरीसाठी इथं आलो आणि इथलाच झालो. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी माझं तमिळ उत्तम चालतं. पण भांडायला अजून जमत नाही, म्हणून आमच्या घरातलं प्रत्येक भांडण मी हरतो.

चिवड्याला इथं मिक्स्चर म्हणतात. माझ्या सासूबाईंचं मिक्स्चर म्हणजे पातळ पोहे, ओवा घातलेली बारीक शेव, बुंदी, डाळं, कढीपत्ता आणि मोजून न घातलेले शेंगदाणे. त्या तांबरमला एकट्या राहतात. दर रविवारी मी तिकडे जातो, नळाचा वॉशर बदलणं, पंख्याला तेल घालणं असली कामं उरकतो आणि परत येताना लेकीसाठी आणि नातीसाठी डबा घेऊन येतो. बायको आणि मुलगी रविवारी जात नाहीत, कारण मुलीचा रविवारी सकाळी संगीताचा क्लास असतो. शेजाऱ्यांना त्याचा जो त्रास होतो त्याबद्दल इथं लिहीत नाही.

सासूबाई वजन करत नाहीत. त्यांच्याकडे पितळेची पडी आहे, आपल्याकडे मापटं असतं तसं, आणि त्यांच्या घरात तांदळापासून मिरच्यांपर्यंत सगळं पडीनं मोजलं जातं. डबा भरायची रीतही ठरलेली. परातीतून ओंजळीनं उचलायचं आणि हळूच सोडायचं, वर शीग येईपर्यंत. आमच्याकडे डबा भरताना तो दोनदा ओट्यावर आपटतात, म्हणजे आतलं बसतं आणि आणखी मावतं. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मदत करायची म्हणून मी डबा आपटला, तर त्या स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाकडून धावत आल्या. "आपटूं नका हो! लेकीचा डबा अहे तो!" लेकीच्या घरी जाणाऱ्या डब्याला ठोका लावायचा नाही आणि तो उणाही धाडायचा नाही, ही त्यांच्या घरातली चार पिढ्यांची रीत. डबा आपटतो तो दुकानदार, आई नव्हे. त्यामुळे त्यांच्या भरलेल्या डब्यात जेवढं मिक्स्चर तेवढीच हवा असते, पण हे तोंडावर सांगण्याची प्राज्ञा नव्हती.

तीन बोटं मिक्स्चर खाल्लं तर खाल्लं, त्यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. सांगतो. माझे सासरे साखरेनं गेले. आधी पायाची जखम भरेना, मग डोळे, मग मूत्रपिंडं. हे सगळं माझ्या बायकोनं जवळून पाहिलं. त्यानंतर दोन वर्षांनी माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला आणि त्यात साखर आणि चरबी दोन्ही वर. ती तो कागद घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ नुसती उभी राहिली. मग तिनं मला देवापुढे उभं केलं आणि शब्द घेतला: गोड बंद, तळलेलं बंद. "मला हे दुसऱ्यांदा बघायचं नाही," ती म्हणाली. मराठीत म्हणाली, म्हणून ते मला फार लागलं.

त्याआधी मी वाटेत डब्यातलं उघडपणे खायचो, त्यामुळे उणा डबा कुणी मोजत नव्हतं. आता तुमच्यापासून काय लपवायचं? तो शब्द मी दोन रविवार पाळला, आणि तेही सासूबाईंनी डबा दिला नव्हता म्हणून.

तिसऱ्या रविवारी मेडवाक्कमच्या पुढे एका चहाच्या टपरीवर थांबलो. बिनसाखरेचा चहा समोर आला आणि त्याच्याकडे बघून मला माझीच दया आली. डबा पायाशी होता. नुसता वास घेऊ म्हणून झाकण उघडलं, तर डबा आधीच खाली गेलेला. मी हात लावायच्या आत! रस्त्यावरचे गतिरोधक, खड्डे, स्कूटरची थरथर, सगळ्यांनी मिळून त्याला ठाकून ठोकून बसवला होता. मला वाटलं, एवढा कमी झालाच आहे, तर आणखी दोन मुठी कमी झाल्यानं कुणाचं काय बिघडणार? दोन मुठी खाल्ल्या. मग घाम फुटला. घरी पोचल्यावर खालच्या पार्किंगमध्ये मी डबा आडवा धरून चार वेळा लोळवला, उलटा केला, हळूच सुलटा केला. उघडून बघतो तर मिक्स्चर फुलून पुन्हा काठाला आलेलं. पोहे पोह्यांपासून सुटले होते, शेव शेवेपासून. हे ज्ञान मला कुणी शिकवलं नाही. चोरी केली की बुद्धी आपोआप चालते.

त्यानंतर दर रविवारी हेच. टपरीवर दोन मुठी, पार्किंगमध्ये लोळवणं, वर जाऊन डबा ओट्यावर. बायको झाकण उघडायची, काठोकाठ बघायची आणि समाधानानं बंद करायची. मला फार वाईट वाटायचं, पण रविवार संध्याकाळपुरतंच.

मग गेल्या महिन्यात नवा रिपोर्ट आला. गोळ्यांची कृपा असेल, पण आकडे उतरले होते. बायकोनं तो कागद देवापुढे ठेवला. नंतर त्याचा फोटो काढून आईला पाठवला, आतेबहिणीला पाठवला आणि खाली जाऊन वॉचमनलाही सांगितलं, की सारांची, म्हणजे माझी, साखर उतरली. वॉचमननं मला सलाम केला. तो सलाम माझ्या छातीत रुतला. इतकी वर्षं मी माणूस म्हणून बरा आहे असा माझा समज होता, तो त्या सलामानं गेला. मी मनात ठरवलं, पुरे.

पुढच्या रविवारी टपरी आली तेव्हा मी मान वळवून दुसऱ्या बाजूच्या दलदलीतले पक्षी बघत निघून गेलो. डबा उघडला नाही. खाल्लं नाही म्हणून लोळवायचीही गरज वाटली नाही. सरळ वर गेलो, ताठ मानेनं डबा ओट्यावर ठेवला. आणि तीन बोटं!

म्हणजे बघा. इतके रविवार चोरी केली तेव्हा साव ठरलो आणि एक रविवार साव राहिलो तर चोर.

बायकोनं डब्याचा फोटो आईला पाठवला. तिकडून निरोप आला की आपण शिगोशीग भरूनच दिला होता. मी म्हटलं, वजन करा. पण आधीचं वजन कुणी केलंच नव्हतं, तेव्हा आताचं करून काय कळणार? मग मी पुरावा दाखवला. शेंगदाणे बघ, म्हटलं, सगळे वर आलेत. हादऱ्यांनी बारीकसारीक खाली जातं आणि मोठं वर येतं. मी खाल्लं असतं तर आधी शेंगदाणे खाल्ले असते की नाही? माझा स्वभाव तुला माहीत आहे.

"तुमचा स्वभाव मला माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच तुम्ही ते वर मांडून ठेवलेत."

एक-एक शेंगदाणा वर मांडणारा माणूस मी नव्हे. पण सांगणार कुणाला? तिनं आईला फोन करून मिक्स्चर करणं बंद करायला सांगितलं. आणि मला म्हणाली, "तीन बोटांचं जाऊ दे. तुमच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा की नाही, तेवढं सांगा. म्हणजे मला त्या हिशेबानं राहता येईल." हे ती शांतपणे म्हणाली. भांडली असती तर परवडलं असतं. रोज सकाळी आम्ही दोघं फिरायला जायचो, ते तिनं बंद केलं. मी एकटाच फिरायला लागलो आणि वॉचमन रोज सलाम करायला लागला.

माझा स्वभाव तापट आहे. खोटा आळ मला सहन होत नाही. खरे आळ मी बरेच सहन केले आहेत, पण खोटा नाही. त्या आठवड्यात मी उठता-बसता या एकाच विषयाच्या मागे लागलो. आमच्या घरासमोरच्या रस्त्यावर मेट्रोच्या खांबांचं काम चालतं. यंत्र सुरू झालं की काचेच्या कपाटातले पेले हळूहळू एकमेकांकडे सरकतात आणि दुपारपर्यंत सगळे एका कोपऱ्यात गोळा होतात. रव्याचा डबा भरून ठेवला की चार दिवसांत दोन बोटं उतरतो. पूर्वी मी तिकडे बघत नव्हतो, आता पट्टी घेऊन बसलो. वॉशिंग मशीन पिळायला लागलं की मी त्यावर साबणाच्या पावडरीची बरणी ठेवायचो आणि खुणा करायचो. मुलगी म्हणाली, "अप्पा, प्लीज, माझ्या मैत्रिणी येणार आहेत."

शेवटी मला आमच्या इमारतीतल्या व्यायामशाळेची आठवण झाली. तिथं एक थरथरणारा पाट आहे. त्यावर नुसतं उभं राहिलं की पोट कमी होतं म्हणतात. त्यावर उभं राहणाऱ्या एकाचंही पोट कमी झालेलं मी पाहिलेलं नाही. मी दुकानातून मिक्स्चर आणलं, सासूबाईंसारखं ओंजळीनं डब्यात सोडलं, वर शीग काढली, झाकण दाबलं आणि दुपारी कुणी नसताना डबा त्या पाटावर ठेवून कळ दाबली. डबा पाटावरून खाली चालत यायला लागला. मी त्याच्यापुढे गुडघे टेकून त्याला दोन्ही हातांनी धरलं. माझे दात वाजत होते, गाल हलत होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ टॉवेल घेऊन आत आले. त्यांनी थोडा वेळ बघितलं.

"आत काय आहे?" त्यांनी विचारलं.

"मि-मि-मि-मिक्स्चर," मी म्हणालो.

"तेल निघतं का त्यातलं?" त्यांनी फार गंभीरपणे विचारलं. दुसऱ्या दिवशी ते घरून मुरुक्कूचा, म्हणजे इथल्या चकलीचा, डबा घेऊन आले आणि पाटावर ठेवून शेजारी खुर्चीत बसले. मी त्यांना काही सांगितलं नाही.

तर डबा उघडला, अडीच बोटं! मी धावत वर गेलो. बायकोनं बघितलं आणि विचारलं, "तुम्ही तिथं एकटेच होता ना?" गृहस्थांना साक्षीला बोलवायचा विचार मी केला आणि सोडून दिला.

मग मी ठरवलं, जिथून डबा निघाला तिथंच निकाल. पुढच्या रविवारी मुलीचा क्लास बुडवून सगळ्यांना तांबरमला नेलं. सासूबाईंना सांगितलं, मिक्स्चर करा, तुमच्या हातानं भरा, तुम्हीच बंद करा. त्यांना मिक्स्चर करायला मिळतंय याचाच आनंद झाला. त्यांनी ओंजळी-ओंजळीनं डबा भरला, शीग सारखी केली, झाकण लावलं, वरून फडकं बांधलं आणि अशी गाठ मारली की ती माझ्याच्यानं सात जन्मांत सुटली नसती.

सासूबाईंकडे इडलीचं पीठ वाटायचा जुना दगडी ग्राइंडर आहे. लोखंडी चौकटीवरचा, चालू केला की फरशी हलते आणि समोरच्या घरातलं मांजर उठून जातं. त्यांना नाहीतरी सोमवारचं पीठ वाटायचंच होतं. मी डबा त्या चौकटीला सुतळीनं बांधला आणि दहा पावलं लांब जाऊन, हात मागे बांधून उभा राहिलो. मुलीला माझ्यावर पहारा ठेवायला सांगितलं. तिनं फोनवरून नजर काढून एकदा माझ्याकडे बघितलं, तेवढाच पहारा. ग्राइंडर चाळीस मिनिटं फिरला. तांदूळ वाटले गेले, उडीद वाटले गेले, मी जागचा हललो नाही.

सासूबाईंनी गाठ सोडली, झाकण काढलं आणि बोटं आडवी घातली. एक. दोन. तीन. आणि वर किंचित. शेंगदाणे सगळे वर आले होते, कुणी मांडल्यासारखे.

मी काय काय बोललो ते आता आठवत नाही. बरंच बोललो. हवा कशी निघून जाते, कण कसे एकमेकांच्या फटींत बसतात, दाणे कसे वर येतात, आणि एका निरपराध माणसाला त्याच्याच घरात अख्खा आठवडा कसं वागवलं गेलं. हातवारे करून बोललो. बायको ऐकत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. ती हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. आईसमोर तिनं माझा हात कधी धरला नव्हता, तो तिनं धरला.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "तुम्ही खरंच खाल्लं नव्हतं. मी उगाच तुम्हाला... मला किती भीती वाटली होती ठाऊक आहे?"

मला इतकं बरं वाटलं, की मी त्या क्षणी काहीही कबूल केलं असतं. पण कुणी काही विचारत नव्हतं.

सासूबाई डब्याकडे बघत होत्या. त्यांनी एक शेंगदाणा उचलला, परत ठेवला.

"इथून निघाला की डबा बसतोच म्हणतांत," त्या म्हणाल्या.

"बसतोच," मी म्हणालो. "निसर्गाचा नियम आहे."

"प्रत्येक वेळीं?"

"प्रत्येक वेळी. कुणीही नेला तरी."

"सेरि," त्या म्हणाल्या. बरं. "मग इतके रविवार भरून कसे पोचले?"

ग्राइंडर बंद होता. बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. बायकोचा हात माझ्या हातात होता आणि तिला अजून कळलं नव्हतं. माझ्या तोंडाशी उत्तर तयार होतं. तेव्हा रस्ता चांगला होता, आता खोदलाय. चांगलं उत्तर होतं, तिला पटलं असतं. मी "रस्ता" एवढा शब्द बोललोही.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. डबा पुढ्यात घेतला, आडवा केला आणि मांडीवर हळूच लोळवला. एकदा, दोनदा. बरोबर मी करायचो तसाच.

"तेही असंच करायचे," त्या म्हणाल्या. माझ्या सासऱ्यांबद्दल बोलत होत्या. "दुपारीं मी आडवी झालें की कपाटातला डबा काढायचे. खायचे, मग लोळवून ठेवायचे. मज आवाज ऐकूं यायचा. म्हटलं, खाऊं दे, केवढा तो आनंद त्यांना. कधीं विचारलं नाहीं." त्यांनी डबा सुलटा करून खाली ठेवला. "तेव्हां विचारलं नाहीं, म्हणून आतां विचारतें अहे."

बायकोनं हात सोडवून घेतला नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी "रस्ता"च्या पुढचं वाक्य गिळून टाकलं.

"दोन मुठी," मी म्हणालो. "दर रविवारी. एकदा तीन. त्या एका रविवारी मात्र खरंच नाही."